पानदानाचा खर्च

कलई केलेल्या तांब्याच्या पेटीत चुना, कात, सुपारी आणि वेलदोडे यांच्या लहानलहान वाट्या, शेजारी अडकित्ता, आणि त्या पेटीवर घरच्या बेगमेखेरीज कोणाची सत्ता नाही, असा उत्तर हिंदुस्थानातील खानदानी मुसलमान घराण्यांचा रिवाज असे. लग्नसंबंध ठरतेवेळी सुनेच्या खाजगी खर्चासाठी जी नेमणूक तोडून देत, तिला म्हणूनच ‘खर्च-इ-पानदान’ असे नाव पडले. ती रक्कम तिच्याच हाती पडावयाची व तीवर नवऱ्याची हुकमत चालावयाची नाही. आपल्याकडील सरदार घराण्यांत स्त्रियांच्या चोळीबांगडीसाठी गावाचे उत्पन्न लावून देत, त्याच जातीची ही चाल होती.

२५ ऑक्टोबर १८७७ रोजी ख्वाजा मुहम्मद खान यांनी आपल्या मुलाच्या लग्नाआधी वधूपित्याशी करारनामा करून भावी सुनेला, हुसैनी बेगमला, दरमहा ५०० रुपये कायम देण्याचे कबूल केले आणि त्या रकमेचा बोजा आपल्या स्थावर मिळकतीवर ठेवला. वधूवर दोघेही अज्ञान होती. १८८३ साली ती सासरी नांदावयास आली, १८९६ साली बेबनाव होऊन निघून गेली, आणि पुढे थकलेल्या १५,००० रुपयांसाठी तिने सासऱ्यावर दिवाणी दावा लावला.

करारात जी पक्षकार नाही, तिने दावा कसा करावा, अशी सासऱ्याची हरकत होती, आणि तिला मोठा आधार होता. इंग्लंडात १८६१ साली ट्विडल विरुद्ध अॅटकिन्सन या खटल्यात हुबेहूब असाच प्रसंग आला होता : दोन व्याह्यांनी आपसांत करार करून एकाच्या मुलाला, म्हणजे दुसऱ्याच्या जावयाला, पैसे देण्याचे ठरविले, त्याला दावा करण्याचा अधिकार राहील असे कागदात स्पष्ट लिहिले, तरीही तो त्रयस्थ म्हणून रित्या हाताने परतला. (हा नियम तेथील कायदेमंडळाने सैल केला तो थेट १९९९ साली.) आपल्या १८७२ च्या करार कायद्याने मोबदला वचन घेणाऱ्याकडून अथवा अन्य कोणाकडूनही येऊ शकतो एवढे मान्य केले होते, त्रयस्थाच्या दाव्याविषयी मात्र त्यात स्पष्ट कलम नव्हते.

१९१० साली प्रिव्ही कौन्सिलपुढे हे प्रकरण आले, तेव्हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते सय्यद अमीर अली, त्या न्यायपीठावर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ. ज्या समाजात अज्ञान मुलांची लग्ने आईबाप ठरवितात, तेथे विलायतेचा तो नियम जसाच्या तसा लावला तर घोर अन्याय होईल, असे त्यांनी निक्षून सांगितले. आणि मला या निकालाचे सारे मोल याच विचारात दिसते, कारण जिच्या हितासाठी दस्त झाला तिचे सही करण्याचे वयच नव्हते. दस्तान्वये लाभाची खरी धनीण तीच, तेव्हा न्यायबुद्धीच्या तत्त्वावर तिला दाद मागता येते, असे ठरले.

सासर सोडल्यावर नेमणूक कसली, ही दुसरी हरकतही टिकली नाही. सून घरी येईल त्या दिवसापासून रक्कम चालू व्हावी, असे दस्तात होते. ती राहील तोवरच चालावी, असे कोठेही लिहिले नव्हते.