रहीम मास्तरांचा संघ

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव आपल्या प्राचीन बारवांसाठी ओळखले जाते. तेथे जाऊन कोणी फुटबॉलची चौकशी केली, तर पाहुणा गाव चुकला असेच लोक समजतील. या भागातील महाविद्यालयांतही त्या खेळाची कथा फारशी निराळी नसते. स्पर्धेचे पत्रक येते, मग कबड्डीतले चार, शर्यतीत धावणारे दोन, क्रिकेटच्या संघातून वगळलेले तीन अशी जुळवाजुळव सुरू होते. शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक एकटे आणि त्यांच्या गळ्यात सगळेच खेळ. संघ हरून परत येतो तेव्हा दोन कारणे ठरलेली असतात : चांगली मुले मिळत नाहीत, आणि मिळाली तरी शिकवणारा नाही.

आरंभ मुद्दाम वालूरपासून केला, त्याला कारण आहे. या दोन्ही कारणांना ज्याने आयुष्यभर उत्तर शोधले, तो माणूस एका अर्थाने याच मुलखाचा होता. सेलू स्थानकावरून जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळात बांधला गेला. मनमाडहून निघणारी ती वाट परभणीवरून थेट हैदराबादच्या काचीगुड्याला पोहोचते. त्या काचीगुड्याच्या शाळेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होते. १९०९ साली हैदराबादेत जन्मलेले रहीम उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आमच्या मराठवाड्यातील महाविद्यालयेही याच उस्मानियाशी संलग्न होती. म्हणजे परभणीकडचा पदवीधर आणि रहीम मास्तर एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी ठरतात.

रहीम स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळले, शाळेत शिकवू लागले, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. १९४३ पासून मृत्यूपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस होते. त्यांची खरी ओळख मात्र हैदराबाद सिटी पोलीस या संघाने झाली. या संघाकडे कलकत्त्याच्या क्लबांसारखा पैसा नव्हता. देण्यासारखे होते ते एकच, शिपायाची नोकरी. ज्याला पोलिसात भरती व्हायचे आहे आणि खेळताही येते, तो आपला खेळाडू. अशा मुलांत सगळेच गुणवान कोठून निघणार?

येथे मास्तरांमधला शिक्षक उपयोगी पडला. वर्गातील पोरे आपण निवडत नाही, जी समोर बसली आहेत त्यांनाच शिकवावे लागते, हे शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असते? मुलाचा एक पाय कच्चा दिसला, तर त्यांनी त्याला वगळले नाही. केवळ कच्च्या पायानेच चेंडू मारायचा अशा स्पर्धाच भरवल्या! चेंडू पायाशी घोळवत बसण्याची सवय मोडावी म्हणून एका स्पर्शात चेंडू पुढे देण्याचे सामने ठेवले. चेंडू घोळवणाऱ्याला टाळ्या मिळतात हे खरे, पण तेवढ्या अवधीत प्रतिपक्ष सावरतो, असा त्यामागचा हिशेब होता.

परिणाम मुंबईकरांनी पाहिला. कुपरेजच्या मैदानावर होणारा रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. १९५० सालीच मोहन बागानला हरवून त्यांनी ड्युरँड चषकही नेला. त्या वेळी वालूर हैदराबाद राज्यातच होते. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तेव्हा मुंबईत जिंकणारे हे शिपाई वालूरकरांच्या स्वतःच्या राज्याचे होते. तरीही त्या विजयाने मराठवाड्यात गावोगावी मैदाने का उभी राहिली नाहीत? माझ्या मते याचे उत्तर खेळाबाहेर आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला दोनच वर्षे झाली होती. रझाकारांचा आणि निजामी अंमलाचा काळ घरोघरी आठवत होता. 'हैदराबादचा पोलीस' हे शब्द ऐकून अभिमानाने छाती फुगावी, अशी ती वेळ नव्हती.

भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून रहीमसाहेबांनी १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून दिले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १० विरुद्ध १ असे धुऊन काढले. आमचे बहुतेक खेळाडू थंडीत अनवाणी उतरले होते. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. बूट घातले म्हणजे खेळ आला असे नव्हे, हे मास्तर जाणून होते. त्यांनी हंगेरीच्या संघाच्या खेळाचा अभ्यास केला, मध्य आघाडीवीराला थोडे मागे ठेवण्याची रीत आपल्या मुलांना समजेल अशी सोपी करून घेतली आणि १९५६ साली मेलबर्नला नेली.

मेलबर्नचे नाव आपल्या वाचकांना आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ४-२ असा विजय मिळवला आणि त्यांतील तीन गोल गोव्यातील आसगावच्या, मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझांचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपान्त्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आली. पहिला गोल नेव्हिलनेच केला! शेवटी सामना १-४ असा गेला आणि बल्गेरियाकडूनही हार पत्करून भारत चौथा आला. पण चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले, त्यांच्यावरच आघाडी घेण्यापर्यंत हा प्रवास झाला होता. मला तर पदकापेक्षा हा १-४ चा पराभव अधिक बोलका वाटतो.

मुले शोधण्याची त्यांची रीतही मास्तरांचीच. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम हा गरीब घरातला मुलगा त्यांनी हेरला. सरावाला शहरात यायचे, तर बलरामकडे पैसे नव्हते. भाड्याच्या सायकलीसाठी मास्तरांनी त्याच्या हातावर रुपया ठेवला, असे सांगतात. तोच बलराम मेलबर्नला गेला आणि रोम ऑलिम्पिकलाही.

१९६२ साली जकार्ताला जाताना रहीमसाहेब कर्करोगाने पोखरले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग डोक्याला टाके पडून जायबंदी. अशा खेळाडूला मास्तरांनी थेट आघाडीला उभे केले! अंतिम सामना पुन्हा कोरियाशीच होता, तोही भारताविरुद्ध ओरडणाऱ्या गर्दीपुढे. ४ सप्टेंबरला भारत २-१ ने जिंकला, त्यांतला एक गोल जर्नेलसिंगांचा आणि दुसरा पी. के. बॅनर्जींचा. या संघात मधल्या फळीत खेळले ते मूळचे कोलवाळचे व मुंबईत वाढलेले फोर्तुनातो फ्रँको. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. आशियाई सुवर्णपदक भारताला फुटबॉलमध्ये त्यानंतर मिळालेले नाही. १९७० साली बँकॉकला कांस्य मिळाले, तेवढेच.

मास्तर गेल्यावर हैदराबादेत गुणवान मुले जन्मायची थांबली, असे काही झाले नाही. पण शिपायाच्या पगारावर थांबायचे, तर शिकवणारा तसा हवा. तो नाही, मग राहायचे कशासाठी? १९६६ साली सय्यद नईमुद्दीन व महंमद हबीब हे दोघे ईस्ट बंगालकडे गेले, आणि कलकत्त्याची वाट रुळून गेली. मास्तरांचा सारा अभ्यास त्यांच्या डोक्यात होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेले खेळाडू पुढे प्रशिक्षक झाले, नाही असे नाही. परंतु संस्थेने तो अभ्यास लिहून घेतला, शाळांतून चालू ठेवला, असे घडले नाही. कुपरेजचा रोव्हर्स चषकही २००० सालानंतर बंद पडला. २०२४ साली 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा अनेक मराठी घरांत हे नाव पहिल्यांदाच ऐकले गेले.

बलराम १९५७ सालीच ईस्ट बंगालमध्ये गेले होते. पुढे ते तिकडचेच झाले. हुगळीच्या काठी उत्तरपाड्याला त्यांनी घर केले आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी अम्मुगुड्याच्या या मुलाने कलकत्त्यातच डोळे मिटले.