नाव सोडून सगळं

आजीच्या कालगणनेत सन नव्हते, पाळ्या होत्या. ‘हे रात्रपाळीला होते तेव्हा’ म्हणजे माझ्या आत्याचा जन्म. ‘ह्यांची सकाळपाळी लागली त्या वर्षी’ म्हणजे घरावर कौलं चढली ते वर्ष. बदलापूरच्या शिरगावात आज इमारतींच्या रांगा आहेत, तिथे तेव्हा भाताची खाचरं होती. आजोबा बदलापूर स्टेशनावरून गाडी पकडून अंबरनाथला विम्कोत, काडेपेटीच्या कारखान्यात जात. परतले की सदऱ्याला मेणाचा वास यायचा. तो वास साबणानेही जात नसे, असं आजी अजून थोड्या कौतुकानं सांगते.

बदलापूर नाव घोडे बदलण्यावरून पडलं, ही आजोबांची आवडती गोष्ट. त्याचा कागद मी पाहिलेला नाही. पण आजोबा सांगताना घोडे दारात उभे असल्यागत सांगायचे. आगगाडी इकडून 1856 मध्ये पळसदरीकडे गेली आणि घोड्यांचं काम संपलं, हा त्या गोष्टीचा शेवट. आता ती आजी सांगते, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच जागी थांबून. ती थांबते त्या जागी आजोबा तपकीर ओढायचे.

26 जुलै 2005 ला निवृत्त आजोबा अंबरनाथला जुन्या सोबत्याकडे गेले होते. पावसानं गाड्या बंद पडल्या. उल्हास नदी फुगली होती. रात्र तिथेच काढून दुसऱ्या दिवशी आठेक किलोमीटर चालत ते घरी आले. आजीनं पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि ‘छत्री कुठाय?’ एवढंच विचारलं. बावन्न वर्षांच्या संसारात याहून मोठा प्रेमसंवाद झाल्याचं तिला आठवत नाही. मला हा पुरेसा वाटतो.

आजोबांचं नाव मात्र ती एरवी कधीच घेत नाही. रमाबाई रानड्यांनी 1910 साली आठवणी लिहिल्या, त्यात पतीला, न्यायमूर्तींना, ‘स्वतः’ म्हटलं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रां’त पतीला सरळ ‘टिळक’ लिहिलं. आजी लिहीत नाही. तिचे ‘हे’ तोंडीच. आयुष्यात पाच वेळा तिनं नाव घेतलं, पाचही वेळा उखाण्यात, तेही बायांनी दार अडवलं म्हणून.

आजोबा गेल्यावर पेन्शनसाठी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, “पतीचं नाव?” आजीनं पदर सावरला, माझ्याकडे पाहिलं. मागे रांग होती. मुलीनं पुन्हा विचारलं. आजी हळूच म्हणाली, “हिला विचारा, हिच्या आजोबांचं आहे.” मुलगी हसली, मीही हसले. आजी हसली नाही.

ते नाव मीही इथे लिहीत नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आम्ही दोघी रिक्षानं जातो. अंगठा आजीचा, नाव सांगते मी.