रेखांशाचे कोडे आणि हॅरिसनचे घड्याळ

ऑक्टोबर १७०७मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांच्या खडकांवर आदळून ब्रिटिश आरमाराची चार जहाजे बुडाली. अॅडमिरल सर क्लाउडस्ली शॉव्हेल यांच्यासह हजाराहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. जहाजांच्या स्थानाचा अंदाज चुकल्याने ओढवलेल्या या दुर्घटनेनंतर रेखांशाचा जुना प्रश्न ऐरणीवर आला.

अक्षांश काढणे दर्यावर्दींना अवघड नव्हते. ध्रुवताऱ्याची किंवा मध्यान्हीच्या सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजली की काम भागे. रेखांश मात्र काळाशी निगडित आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५ अंश फिरते. जहाजावर मध्यान्ह असताना मूळ बंदरात दुपारचे तीन वाजले असतील, तर जहाज त्या बंदराच्या ४५ अंश पश्चिमेस असते. अडचण होती ती मूळ बंदराची वेळ भर समुद्रात जाणून घेण्याची. लंबकाची घड्याळे जहाजाच्या हेलकाव्यांनी बिघडत. उष्ण-थंड हवेनेही त्यांची गती बदले. घड्याळ चार मिनिटे चुकले, तर विषुववृत्तावर स्थान सुमारे १११ किलोमीटरने चुके.

आकाशातील घड्याळ

स्पेनच्या तिसऱ्या फिलिपने १५९८मध्ये या प्रश्नासाठी बक्षीस जाहीर केले होते. गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांवरून वेळ काढण्याची कल्पना गॅलिलिओने मांडली. जमिनीवर ती उपयुक्त ठरली. पण डुलत्या जहाजावरून दुर्बिणीने असे वेध घेणे अशक्यप्राय होते. ग्रीनिच येथील वेधशाळाही १६७५मध्ये याच प्रश्नाच्या उत्तरासाठी स्थापन झाली.

ब्रिटिश संसदेने १७१४मध्ये कायदा करून अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश देणाऱ्या पद्धतीस २० हजार पौंडांचे पारितोषिक ठेवले. खगोलशास्त्रज्ञांचा भर चंद्र व तारे यांच्यातील कोनीय अंतरावर होता. टोबियास मेयर यांच्या चांद्रसारण्यांमुळे ही पद्धत व्यवहारात आली आणि नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७६७ सालापासूनचे नाविक पंचांग सिद्ध केले. मात्र आकडेमोड किचकट होती आणि अमावास्येच्या सुमारास चंद्रच दिसत नसे.

सुताराचे उत्तर

यॉर्कशायरमध्ये १६९३ साली जन्मलेल्या जॉन हॅरिसन या सुताराने घड्याळाचाच मार्ग धरला. तीन अवजड यंत्रांनंतर १७५९मध्ये त्याने चौथे घड्याळ पूर्ण केले. त्याचा व्यास अवघा १३ सेंटिमीटर होता. त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन नोव्हेंबर १७६१मध्ये जमैकाकडे निघाला. ८१ दिवसांत ते केवळ पाच सेकंद मागे पडल्याचे आढळले.

रेखांश मंडळाने हा योगायोग मानून दुसऱ्या चाचणीचा आग्रह धरला. १७६४च्या बार्बाडोस सफरीतही घड्याळ कसोटीस उतरले. तरीही घड्याळाची रचना उघड करण्याची अट घालून निम्मीच रक्कम देण्यात आली. अखेर राजा तिसरा जॉर्ज याने लक्ष घातल्यानंतर १७७३मध्ये संसदेने आणखी ८,७५० पौंड मंजूर केले. तेव्हा हॅरिसन ऐंशीच्या घरात होता. मूळ पारितोषिक त्याला अधिकृतपणे कधीच मिळाले नाही. १७७६मध्ये त्याचे निधन झाले.

कॅप्टन जेम्स कुक यांनी आपल्या दुसऱ्या सफरीत (१७७२-७५) या घड्याळाची प्रतिकृती वापरून तिची प्रशंसा केली. पुढे असे कालमापक स्वस्त होत गेले आणि जहाजांवर सर्रास दिसू लागले. १८८४मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेने ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानले. आजची जीपीएस यंत्रणाही उपग्रहांवरील आण्विक घड्याळांच्या आधारे, म्हणजे अचूक वेळेवरूनच, स्थान ठरवते.