पहिला ख्रिस्तप्रसाद : सात वर्षांचं वय कुणी ठरवलं?

आपल्या वसई भागात आठ-नऊ वर्षांची मुलं रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात. दहा आज्ञा पाठ करतात, पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करतात. मग पहिलं पापनिवेदन, म्हणजे कन्फेशन, आणि त्यानंतर पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे आपण ज्याला कोमुनियन म्हणतो ते. आपल्या गटांत हिंदू, आदिवासी मैत्रिणीही आहेत. त्या विचारतात, हे तुमच्या मुंजीसारखं का? वय साधारण तेच, पण इथे मुलगा आणि मुलगी एकाच रांगेत उभे राहतात. आणि हे वय काही पहिल्यापासून ठरलेलं नव्हतं. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहोत.

अगदी सुरुवातीच्या काळात तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्याबरोबर प्रसाद मिळायचा. केरळच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत आजही तसंच आहे. रोमच्या चर्चमध्ये मात्र ही रीत हळूहळू मागे पडली. १२१५ साली रोमला लॅटरनची मोठी धर्मपरिषद भरली. तिने नियम केला की समजत्या वयाला आलेल्या प्रत्येकाने, स्त्री असो वा पुरुष, वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं आणि ईस्टरच्या सुमारास प्रसाद घ्यावा. आता समजतं वय म्हणजे किती? परिषदेने आकडा दिला नाही. पुढची सातशे वर्षं घोळ झाला तो इथेच.

कुठे दहा वर्षं धरली, कुठे बारा, कुठे चौदा. विचार असा पसरला की प्रसाद हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस आहे, आधी लायक व्हा, सगळा धर्म पाठ करा, मग या. काही ठिकाणी तर लहान मुलांचं पापनिवेदनही ऐकत नसत. सगळ्यात वाईट म्हणजे आजारी मुलांचं. मरणाच्या दारातल्या माणसाला शेवटचा प्रसाद देतात, तेल लावतात. पण आठ-नऊ वर्षांचं पोर गेलं, तर त्याचा पहिला प्रसाद झालेला नाही म्हणून शेवटचाही नाही. तान्ह्या बाळासारखं त्याला पुरायचं. त्या काळी देवी, पटकी, ताप यांनी किती लेकरं जात होती, ते आपल्या पणज्यांना ठाऊक होतं. त्या आयांच्या मनाचं काय झालं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

हे बदललं ८ ऑगस्ट १९१० रोजी. तेव्हा पोप होते दहावे पायस. इटलीतल्या रिएसे नावाच्या खेड्यातले, वडील गावचे टपालवाले, आई शिवणकाम करणारी, घरात दहा मुलं. त्यांच्या काळात हुकूम निघाला की मूल विचार करू लागलं, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, थोडं मागेपुढे, की त्याला दोन्ही संस्कार द्यावेत. सगळा धर्म पाठ असण्याची गरज नाही. श्रद्धेच्या मुख्य गोष्टी त्याच्या कुवतीप्रमाणे कळाव्यात आणि हा प्रसाद रोजच्या भाकरीपेक्षा वेगळा आहे एवढं ओळखता यावं. बाकीचं पुढे हळूहळू शिकेल. मरणाऱ्या मुलाला शेवटचा प्रसाद नाकारण्याची रीत त्यात स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवली. प्रसाद बक्षीस नाही, दुबळ्या माणसाचं औषध आहे, असा त्याचा भाव होता.

त्या हुकमात आणखी एक गोष्ट आहे, तिकडे आपलं लक्ष जात नाही. मूल तयार आहे की नाही हे ठरवण्याचं काम पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांबरोबर वडिलांवर किंवा त्यांच्या जागी जो असेल त्याच्यावर टाकलं आहे. शब्द वडिलांचा आहे. पण चुलीपाशी बसवून क्रुसाची खूण कुणी शिकवली, ते सांगायला नको. १९८३ च्या नव्या धर्मनियमांत आईवडील दोघांची जबाबदारी पहिली धरली आहे, त्यांच्या जोडीला धर्मगुरू. पहिल्या प्रसादाआधी पापनिवेदन हा क्रमही तिथे कायम आहे.

शिकवण्याची पद्धत मात्र आपल्या मुलखात फार जुनी आहे. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आले, तेव्हा रस्त्याने घंटी वाजवत मुलांना गोळा करायचे. पोरं शिकायची आणि घरी जाऊन थोरांना शिकवायची. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी मुलांसाठी कोंकणीत प्रश्नोत्तरांचं पुस्तक रचलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूरला छापलं गेलं. त्यांचंच मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ चं. विदेशी माणसाने मुलांच्या तोंडच्या भाषेत लिहिलं आणि आज आपण कादोडी, वाडवळी बोलणाऱ्या घरातल्या पोरांकडून इंग्रजीत उत्तरं घोकून घेतो. आम्हाला हे पटत नाही. आपल्या आज्यांनी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली, अर्थ न कळता गुडघे टेकले. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, ती कळावी म्हणूनच ना?

आज्यांचा उपास तर वेगळाच. प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही नाही. १९५३ मध्ये पाण्याची मोकळीक मिळाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला आणि १९६४ पासून एक तासच राहिला.

आता खर्चाचं बोलू. पांढरा फ्रॉक, मुलाचा सूट, मेणबत्ती, मंडप, केक, दोनशे पानांचं जेवण. बचत गटाकडे 'कोमुनियनसाठी' म्हणून कर्जाचे अर्ज येतात. १९१० च्या हुकमात कपड्यांचं नाव नाही, जेवणाचंही नाही. आमच्या बैठकीत यावर वाद झाला. एक बाई म्हणाल्या, पोरीच्या आनंदाला व्याज कसलं मोजता? दुसरी म्हणाली, हप्ता मला भरायचाय, पाहुण्यांना नाही. शेवटी ठरलं, कपड्यांपुरतं कर्ज द्यायचं, मंडपाला नाही. वापरलेले फ्रॉक धुऊन, इस्त्री करून पुढच्या वर्षीच्या मुलींना द्यायचे. सगळ्यांना ते आवडलेलं नाही.

घरी तयारी करून घेताना पापांची यादी आईने सांगायची नाही. मुलं एकमेकांची यादी उतरवून घेतात, न केलेली पापंही सांगून येतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आज कुणाला दुखवलंस, खोटं कुठे बोललास, एवढं रात्री झोपताना त्याचं त्यालाच आठवू द्या. १२१५ च्या त्याच परिषदेने पापनिवेदनात ऐकलेलं बाहेर सांगणाऱ्या पाद्र्याला कडक शिक्षा ठेवली होती, तो नियम आजही आहे. तेव्हा पोरगं बाहेर आलं की 'काय सांगितलंस रे?' असं आपणही विचारू नये. फादरांनी सांगितलेली प्रार्थना त्याला आधी बाकावर बसून म्हणू द्या.