२३:५९:६०

(वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार)

२००७
लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, कोडची एक ओळ काढली गेली. लीप सेकंद, म्हणजे घड्याळात अधूनमधून वाढवला जाणारा जादा सेकंद, घातला की ‘घड्याळ बदललंय’ अशी वर्दी टायमरना देणं एवढंच तिचं काम. काढण्याचं कारण रास्त होतं: ती वर्दी भलत्या क्षणी जायची आणि त्यातून अख्खं मशीन जागच्या जागी अडकू शकत होतं. ज्यांनी ती काढली त्यांना मी दोष देणार नाही. पण ओळ गेली, आणि तिचं काम कुणाकडेच आलं नाही. शिवाय कोडमधली ही वाट काही वर्षांतून एकदा, एका सेकंदापुरतीच वापरात येते. मधल्या काळात तिथे काय मोडलंय ते कळायचं कसं?

५ जानेवारी २०१२
पृथ्वीच्या परिवलनाची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं पत्रक निघालं: अणुघड्याळांचा त्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी ३० जूनच्या शेवटी एक सेकंद वाढवायचा.

३० जून, शनिवार, ००:००
शेवटचे चोवीस तास. वेळ सांगणाऱ्या एनटीपी सर्व्हरच्या पॅकेटांत दोन बिटांचा इशारा येऊ लागतो: आजचं शेवटचं मिनिट ६१ सेकंदांचं.

दिवसभर
काही ठिकाणी लिनक्स सर्व्हर मध्यरात्रीआधीच गोठतात. तो वेगळा दोष, पण मूळ याच सेकंदात.

२३:५९:६०
भारतात रविवारची पहाट, साडेपाच वाजायला एक सेकंद. लिनक्सला ‘६०’ ठाऊक नाही. तो घड्याळ एक सेकंद मागे घेतो आणि ५९ पुन्हा मोजतो. टायमरना मात्र कुणी सांगितलेलंच नाही. त्यांचा हिशेब आता एक सेकंद पुढे आहे.

१ जुलै, ००:००
जावा भाषेतल्या प्रोग्रामचा एक थ्रेड म्हणतो, मला शंभर मिलिसेकंदांनी उठव. टायमरच्या लेखी ती वेळ केव्हाच उलटून गेलेली, म्हणून तो लगेच उठवतो. थ्रेड घड्याळ बघतो: अजून वेळ व्हायचीय. परत झोपतो. परत उठवला जातो. हे इतक्या वेगाने चालतं की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि खऱ्या कामाला जागाच उरत नाही.

पुढचा तास
कॅलिफोर्नियात संध्याकाळचे पाच. रेडिट कोलमडतं, मोझिलाचे जावावर चालणारे सर्व्हर अडकतात. सिडनीत रविवारचे सकाळचे दहा. क्वांटास विमानकंपनीची चेक-इन व्यवस्था बंद पडते, काउंटरवरचे कर्मचारी प्रवाशांची नोंद हाताने करू लागतात, विमानं रखडतात.

जावा बंद करून पुन्हा सुरू केलं तरी फरक पडत नाही, कारण बिघाड त्याच्या खाली, कर्नलमध्ये. मग उपाय सापडतो: ‘डेट’ ही आज्ञा देऊन मशीनला त्याचीच वेळ विचारायची आणि तीच वेळ पुन्हा लावायची. हाताने वेळ लावण्याच्या वाटेवर ती वर्दी अजून शाबूत होती. आज्ञा जाते आणि प्रोसेसरवरचा भार एका झटक्यात उतरतो.

जुलै
कर्नलवर काम करणाऱ्या जॉन स्टुल्ट्झ यांची दुरुस्ती कर्नलमध्ये जाते. २००७ साली काढलेली वर्दी परत येते. फक्त आता ती जागच्या जागी न देता, सुरक्षित क्षण येईपर्यंत राखून ठेवलेली.