लेकी बोले, सुने लागे : मुक्या जनावराआडून होणारा छळ



आपल्याकडे म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. बोलायचं एकीला, लागावं दुसरीला. आज ज्या छळाबद्दल बोलायचं आहे, तो असाच चालतो. लाथ कुत्र्याला बसते, पण ती असते बायकोसाठी. 'माहेरी गेलीस तर परत आल्यावर मांजर दिसणार नाही.' 'पोलिसात गेलीस तर तुझ्या गाईला बाजार दाखवीन.' बाईच्या अंगावर एक वळ उठत नाही, पण धाक पुरता बसतो. आणि तक्रार करायला गेली तर नोंदवायचं काय, असा प्रश्न पडतो. हा छळ कायद्याच्या नजरेतून का निसटतो? उत्तरासाठी आपल्याला कलकत्त्याला जावं लागेल.

साल १८६१. कोल्सवर्दी ग्रँट नावाचा एक इंग्रज चित्रकार कलकत्त्यात राहत होता. तिथल्या रस्त्यांवर ओझ्याखाली वाकलेले बैल आणि जखमी घोडे रोजचेच. त्याने पुढाकार घेऊन प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था काढली. अशा प्रकारची ही आपल्या देशातली पहिली संस्था. मुंबईची त्यानंतर, १८७४ सालची.

ग्रँटच्या कामात एक बंगाली गृहस्थ होते, प्यारीचाँद मित्र. पुढे ग्रँटचं चरित्र त्यांनीच लिहिलं. ह्याच मित्रांनी १८५४ मध्ये राधानाथ सिकदार यांच्यासोबत बायकांना वाचता येईल अशा सोप्या बंगालीत एक मासिक सुरू केलं होतं. सिकदार म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीचं गणित मांडणारे. म्हणजे बघा, घरातली बाई आणि रस्त्यावरचा बैल, दोघांची काळजी एकाच माणसाला होती. कायद्याने मात्र दोघांना वेगळं ठेवलं.

१८६९ मध्ये बंगालचा प्राणी-क्रौर्याविरुद्धचा कायदा झाला आणि १८९० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा आला. या १८९० च्या कायद्याचे शब्द नीट ऐका. जनावराला निर्दयपणे मारणं हा गुन्हा, पण कुठे? रस्त्यावर, किंवा रस्त्यावरच्या माणसाला दिसेल अशा जागी. म्हणजे भर रस्त्यात बैलाला झोडपणारा गाडीवान सापडायचा. दार लावून घेतलं की आतलं कोणी बघायचं नाही.

आणि त्याच १८९० साली, त्याच कलकत्त्यात फुलमणीचा खटला उभा राहिला. दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. संमतीवय तेव्हा दहा होतं, म्हणून बलात्काराचं कलम लागलंच नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. दुसऱ्या वर्षी संमतीवय बारा करणारं विधेयक आलं, तर कलकत्त्याच्या मैदानावर विरोधाची प्रचंड सभा भरली. इकडे पुण्यात टिळकांनी 'केसरी'तून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात, धर्मात डोकावू नये, हा मुद्दा दोन्हीकडे होता. कायदा झाला, पण उंबरठ्याची भीती कायम राहिली. गंमत बघा, बैलासाठी कायदा आला तेव्हा असं वादळ उठलं नव्हतं.

लंडनमध्ये मात्र एका बाईने दोन्ही लढे एकदमच चालवले. फ्रान्सिस पॉवर कॉब. जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध ती झगडत होती, आणि १८७८ मध्ये तिने बायकांना मारझोड करणाऱ्या नवऱ्यांवर एक जळजळीत लेख लिहिला. त्याच वर्षी मार खाणाऱ्या बायकांना वेगळं राहण्याचा हुकूम मिळवता येईल असा कायदा झाला. तरीही हे दोन धागे जोडायला पुढची शंभरहून जास्त वर्षं गेली. १९९८ मध्ये फ्रँक असिओन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या युटा राज्यात निवारागृहातल्या ३८ बायकांना विचारलं. ज्यांच्याकडे पाळीव जनावर होतं, त्यांतल्या ७१ टक्के म्हणाल्या, नवऱ्याने किंवा जोडीदाराने त्याला इजा केली, मारून टाकलं किंवा तशी धमकी दिली. २००६ मध्ये मेन राज्याने बाईच्या संरक्षण-आदेशात तिच्या जनावराचंही नाव घालायची सोय केली.

आपल्याकडे काय झालं? १९६० च्या प्राणी-क्रौर्य कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तो आजही तेवढाच आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तसा मोठ्या मनाचा आहे. मारहाणीबरोबर तो भावनिक आणि आर्थिक छळही ओळखतो. बाईला ज्याच्याबद्दल आपुलकी आहे अशा 'व्यक्ती'ला इजा करण्याची वारंवार धमकी देणं, हाही त्यात छळच. पण शब्द आहे 'व्यक्ती'. कुत्रा त्यात बसत नाही. आंदण मिळालेली कालवड बसते, पण स्त्रीधन म्हणून, मालमत्ता म्हणून. जीव म्हणून नव्हे.

पण म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. त्याच कायद्यात न्यायदंडाधिकारी आणखी कोणतंही विशिष्ट कृत्य करायला मनाई करू शकतात. 'जनावराला हात लावायचा नाही, विकायचं नाही' असा आदेश वकिलामार्फत मागता येतो. जनावर मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. तेव्हा संरक्षण अधिकाऱ्याला सगळं सांगताना हेही सांगा. फोटो ठेवा, जनावरांच्या डॉक्टरचा कागद ठेवा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

आणि शेजाऱ्यांनो, एक तुमच्यासाठी. 'सोडून का जात नाही ही?' असं आपण सहज म्हणतो. निवारागृहात शेळीला, कुत्र्याला सहसा जागा नसते. मागे राहिलेल्या जिवाचं काय होईल, हे तिला पक्कं माहीत असतं. ती त्याच्यासाठी थांबलेली असते. काही दिवस तिचं जनावर आपल्या दारात बांधून घेतलंत, तर तिचा पाय मोकळा होईल. १८९० च्या कायद्याला रस्त्यावरून दिसेल तेवढंच दिसत होतं. शेजाऱ्याला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.