हाफकिन संस्था, मुंबई
प्लेगविरोधी लसनिर्मितीतून उदयास आलेली वैद्यकीय संशोधन संस्था. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवल्यावर व्हॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील तुटपुंज्या साधनसामग्रीच्या प्रयोगशाळेत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. १९२५ मध्ये संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

एकाच संस्थेने लोकांना लस पुरवावी व नवे संशोधनही करावे, ही ओढाताण विकसनशील देशांत सर्वत्र आढळते. साथीच्या काळात मनुष्यबळ व निधी उत्पादनाकडे वळतात. तरीही ग्लेन लिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील पिसवांद्वारे होणाऱ्या प्लेगच्या प्रसाराचा अभ्यास येथे केला. साहिबसिंग सोखी १९३२ मध्ये संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकीर्दीत प्लेगवर सल्फा औषधांचे प्रयोग झाले. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उत्पादनविभागाचे स्वतंत्र महामंडळ करण्यात आले. अशा संस्थांचे मूल्यमापन केवळ प्रसिद्ध शोधनिबंधांच्या संख्येवरून केल्यास लसीच्या कुपीमागील संशोधन हिशेबाबाहेर राहते.